गाठ दिसतेय, मग ऑपरेशन आजच का नाही?

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूला काहीतरी कडक लागते. मूल जेवते आहे, अंगणात धावते आहे, ताप नाही, रडणे नाही. कधी लघवीचा रंग लालसर दिसलेला असतो, कधी तेही नाही. लहान मुलांच्या मूत्रपिंडातला कर्करोग बहुधा असाच सापडतो, आणि तो पहिल्यांदा डॉक्टरांना नव्हे, आईला सापडतो.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात पुढचा प्रवास ठरलेला असतो. आधी घरातले जाणते म्हणतात, जंत असतील, पानथरी वाढली असेल. मग आरोग्य केंद्र, मग कारंजा, मग सोनोग्राफीसाठी अमरावती किंवा अकोला. रिपोर्टवर ‘किडनीतून निघालेली मोठी गाठ’ असे शब्द येतात आणि दोन दिवसांत कुटुंब नागपूरला किंवा मूर्तिजापूर-बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबईला पोहोचते. तिथे बापाचे एकच म्हणणे असते, ‘‘साहेब, काय पैसे लागतील ते सांगा, पण गोळा आजच काढून टाका.’’ आणि तिथल्या डॉक्टरांचे उत्तर असते, आज नाही. आधी सहा आठवडे सुया, मग ऑपरेशन.

या उत्तराने घर हादरते. कॅन्सर म्हटल्यावर एक-एक दिवस मोलाचा, असेच सगळ्यांनी ऐकलेले असते. मग ‘उद्याच कापतो’ म्हणणारा दुसरा कोणी सर्जन शोधला जातो. गाठ मूत्रपिंडापुरतीच असेल तर हा घाईचा निर्णय कदाचित निभावतो. पण गाठ शिरेत शिरलेली असेल, तर त्याच घाईत टेबलावर मूल जाऊ शकते.

ही गाठ आहे तरी कशी? जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी 1899 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ती ‘विल्म्स ट्यूमर’ या नावाने ओळखली जाते. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार साधारण 10,000 मुलांमागे एकाला ती होते. मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी दहातले नऊ हेच असतात आणि बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात. मोठ्या माणसांच्या किडनीच्या कॅन्सरशी तिचे नाते फक्त जागेपुरते. गर्भात मूत्रपिंड घडत असताना ज्या पेशींनी आपले काम आटोपून थांबायचे, त्यातल्या काही थांबत नाहीत, त्यांची ही गाठ. तंबाखू, खाणेपिणे, आईच्या हातून घडलेली कुठलीही चूक, यांचा तिच्याशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण गावात पहिला ठपका आईवरच येतो.

एके काळी नुसत्या शस्त्रक्रियेवर फार थोडी मुले वाचत. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला, तेव्हा सर्वत्र हमखास उपचार झालेच पाहिजेत असे जे सहा आजार निवडले, त्यात विल्म्स ट्यूमर आहे. 2030 पर्यंत जगभरातील किमान 60 टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत, हे त्या उपक्रमाचे लक्ष्य. 60 आणि 90 मधले हे अंतर औषधांच्या शोधाचे नाही. विल्म्स ट्यूमरवरची मुख्य औषधे जुनी आहेत आणि भारतात मिळतात.

आता शिरेची गोष्ट. मूत्रपिंडातले रक्त एका नीलेतून बाहेर पडते आणि ‘अधोमहानीले’त मिळते. डॉक्टर तिला आयव्हीसी म्हणतात. पाय आणि पोट यांचे रक्त हृदयाकडे नेणारी ही शरीरातली सर्वांत मोठी शीर. कण्याच्या उजवीकडून ती वर चढते, यकृताच्या मागून जाते आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उघडते. विल्म्सची गाठ मऊ असते. वाट सापडली की ती मूत्रपिंडाच्या नीलेत शेपटासारखी शिरते आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर सरकत राहते. दहा मुलांमागे साधारण एकात ती मूत्रपिंडाच्या नीलेत गेलेली असते. त्याहून कमी मुलांत महानीलेपर्यंत, आणि शंभरात जेमतेम एखाद्यात थेट हृदयाच्या कप्प्यात.

घात असा की हे शेपूट बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. क्वचित पोटावर निळ्या शिरा उठून दिसतात, पाय सुजतात, यकृत वाढते, पोटात पाणी होते. मुलग्यात वृषणाच्या पिशवीत शिरांचा गुंता दिसतो आणि झोपवल्यावरही तो ओसरत नाही. पण यातले काहीच नसलेल्या, अंगणात धावणाऱ्या मुलाच्या महानीलेतही गाठ असू शकते. म्हणून पोटातल्या गाठीची सोनोग्राफी करताना डॉपलरने महानीला वरपर्यंत पाहणे आणि ती मोकळी आहे की नाही हे रिपोर्टवर स्पष्ट लिहिणे, हे काम कारंजा-अमरावतीच्या पातळीवरही होऊ शकते. त्यासाठी मुंबई लागत नाही. सिटी स्कॅन किंवा एमआरआय पुढे होतोच. शेपूट वर दिसले तर हृदयाची इको तपासणीही होते.

समजा, हे न पाहताच पोट उघडले. सर्जन मूत्रपिंड सोडवतो, नीला बांधायला घेतो आणि तेव्हा कळते की नीलेच्या आत गाठ आहे. ओढाताणीत तिचा तुकडा सुटला तर तो थेट हृदयातून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. महानीला फाटली तर काही मिनिटांत एवढे रक्त जाते की दहा-बारा किलोच्या मुलात ते भरून काढणे अवघड होते. गाठ हृदयापर्यंत असेल तर छाती उघडून, हृदय-फुफ्फुस यंत्रावर मूल ठेवून ती काढावी लागते. अशी सोय मोजक्या ठिकाणी असते.

म्हणून आधी औषध. त्याने मूळ गाठ लहान होते, तिच्याभोवतीचे वेष्टन घट्ट होते, ती फुटण्याचा धोका घटतो आणि शेपूट आकसून खाली येते. हृदयात असलेले यकृतामागे, यकृतामागचे त्याच्या खाली. यंत्रावर घेऊन करायचे ऑपरेशन मग साध्या पोटाच्या ऑपरेशनवर येऊ शकते.

किती मुलांत असे घडते, याचा हिशेब अमेरिकेतल्या चौथ्या राष्ट्रीय विल्म्स अभ्यासातून मिळतो. 2001 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. 2,731 मुलांपैकी 165 मुलांत गाठ महानीलेत किंवा हृदयात पोहोचली होती. त्यात 134 मुलांत महानीलेत आणि 31 मुलांत हृदयात. 69 मुलांना आधी औषधे दिली गेली. ज्यांचे मोजमाप हाती होते अशा 49 पैकी 39 मुलांत शेपटाचा आकार किंवा लांबी घटली. हृदयात गाठ असलेल्या 12 मुलांपैकी 7 जणांत ती हृदयातून मागे हटली. थेट ऑपरेशन झालेल्या गटात शस्त्रक्रियेच्या गुंतागुंती 26 टक्के होत्या, आधी औषध घेतलेल्यांत 13 टक्के.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग प्रश्नच मिटला. तसे नाही. औषधांच्या काळातही पाच मुलांना त्रास झाला. एकात शेपटाचा तुकडा सुटला, एकात गाठ वाढली. ते जमेस धरल्यावर दोन गटांतल्या एकूण गुंतागुंतींत संख्याशास्त्रीय फरक उरला नाही. आणि दिलासा देणारी गोष्ट ही की, शिरेत गाठ गेलेल्या मुलांचे तीन वर्षांनंतरचे निकाल इतर मुलांपेक्षा फारसे वाईट नव्हते. शिरेत गेली म्हणजे सगळे संपले, असे मुळीच नाही. आधी औषध दिल्याने फायदा होतो तो मुख्यतः टेबलावरचा. धोका शस्त्रक्रियेच्या दोन-चार तासांतून काढून सहा आठवड्यांत पसरवला जातो. पण त्या सहा आठवड्यांत मुलावर कोणाची तरी नजर हवी.

जगात या विषयावर पन्नास वर्षे दोन मते आहेत. युरोपातील डॉक्टरांच्या गटाने 1971 मध्ये आपला पहिला अभ्यास सुरू केला. थेट ऑपरेशन केलेल्या मुलांत सुमारे एक तृतीयांश जणांची गाठ काढताना फुटत होती. आधी उपचार केल्यावर हे प्रमाण चार टक्क्यांवर आले. तेव्हा तो आधीचा उपचार किरणांचा होता, पुढे औषधांनी त्याची जागा घेतली. तेव्हापासून तिथे ‘आधी औषध’ हा नियम. अमेरिकेचे म्हणणे, आधी गाठ काढा, सूक्ष्मदर्शकाखाली अस्सल रूप पाहा, मग औषध ठरवा. औषधाने चित्र पुसट होते. दोन्हीकडे मुले जवळपास सारखीच वाचतात. पण गाठ महानीलेत यकृताच्या नीलांच्या वर गेली असेल, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असतील किंवा मुलाला एकच मूत्रपिंड असेल, तर अमेरिकी डॉक्टरही आधी औषधच देतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही विल्म्स ट्यूमरच्या उपचारांसाठी एकमताचा मसुदा 2017 मध्ये प्रसिद्ध केला आहे. आपल्याकडे मुले उशिरा येतात आणि गाठी मोठ्या असतात. अमेरिकेतल्या वादात आपण कोणाच्या बाजूने, हा प्रश्न त्यामुळे विदर्भापुरता तरी बराचसा पुस्तकी आहे.

औषधे तीन. पहिले व्हिनक्रिस्टिन, जे सदाफुलीपासून निघते. हो, तीच अंगणातली गुलाबी-पांढरी सदाफुली. शेकडो किलो सुकी पाने वापरावीत तेव्हा कुठे ग्रॅमभर औषध हाती येते, आणि मुलाला त्यातले मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी लागते. ‘सदाफुलीच्या पानांचा रस द्या’ हा सल्ला गावोगाव मिळतो. त्यात औषध किती आणि विष किती याचा काही हिशेब नसतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. दुसरे ॲक्टिनोमायसिन, मातीतल्या जिवाणूपासून 1940 मध्ये सापडलेले. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी ते या मुलांवर वापरून दाखवले. तिसरे डॉक्सोरुबिसिन, लाल रंगाचे. ते हृदयाला त्रास देऊ शकते म्हणून गरज असेल तरच. फुफ्फुसात गाठी पोहोचल्या असतील तर तिन्ही औषधे सहा आठवडे चालतात. नसतील तर बहुधा पहिली दोन, चार आठवडे. शिरेतल्या गाठीसाठी कोणती आणि किती, हे स्कॅन पाहून तज्ज्ञ ठरवतात. पहिल्या काही आठवड्यांतच गाठ जितकी आकसायची तितकी बहुतेक आकसते. तारीख टाळत औषधेच वाढवत राहण्यात लाभ नाही.

त्रासही होतो. व्हिनक्रिस्टिनने बद्धकोष्ठ होते, पापणी खाली येते, पाऊल लटकते, मूल अडखळत चालते. ॲक्टिनोमायसिनने यकृताच्या बारीक शिरा बंद होऊ शकतात. वजन वाढणे, पोट फुगणे, उजवीकडे दुखणे, डोळे पिवळे होणे ही त्याची खूण. महानीला आधीच गाठीने भरलेली असेल तर यकृतावर ताण असतोच, म्हणून अशा मुलाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. आणि कुपोषण. वजन फार कमी असलेल्या मुलाला नेहमीचा डोस झेपत नाही. गरीब देशांसाठी 2013 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशा मुलांचा डोस सुरुवातीला दोन तृतीयांश ठेवायला सांगितले आहे. मुलाच्या खऱ्या वजनात गाठीचे वजन मिसळलेले असते, हेही विसरू नये. एक-दीड किलोची गाठ पोटात घेऊन फिरणारे मूल तराजूवर ठीक दिसते, दंडाचा घेर मात्र खरे सांगतो. अंगणवाडीताईंच्या हातात दंडघेराची पट्टी असतेच.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक उलटे घडते. पोट मऊ होते, गाठ हाताला लागत नाही, मूल पुन्हा खेळू लागते. आणि पहिल्या दिवशी ‘आजच कापा’ म्हणणारे घर आता म्हणते, ‘‘गोळा तर गेला, आता चाकू कशाला? चाकू लागला की पसरतो म्हणतात.’’ त्यात तुरीची सवंगणी आलेली असते, घरी दुसरे मूल आजीजवळ असते, उधारी वाढलेली असते. पुढची तारीख चुकते.

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण आकसणे म्हणजे मरणे नव्हे. हाताला न लागणाऱ्या गाठीत जिवंत पेशी उरतात आणि त्या पुन्हा वाढतात. तेव्हा जुनी औषधे तितकी चालत नाहीत. शिवाय गाठ किती आकसली यावरून ती किती वाईट हे कळत नाही. काही गाठी मुळीच लहान होत नाहीत आणि तरी सौम्य स्वभावाच्या निघतात. काही भराभर लहान होतात, पण उरलेल्या भागात नेमक्या चिवट पेशी असतात. हा निवाडा काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच होतो आणि पुढची औषधे त्यावर ठरतात. शिरेतले शेपूट सबंध निघाले की तुकड्यांनी, यावर किरणोपचार द्यायचे की नाही हे ठरते. पुढे आणखी काही महिने औषध, मग वर्षानुवर्षे तपासणी. एका मूत्रपिंडावर मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते. रक्तदाब आणि लघवी तेवढी दरवर्षी पाहायची.

उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना ‘अडाणी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. धनजहून दर आठवड्याला एक सुई म्हणजे दर आठवड्याला नागपूरची खेप किंवा मुंबईत दीड महिना मुक्काम. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत औषधे, ऑपरेशन आणि किरणोपचार येतात. आता ही योजना सर्व रेशनकार्डांसाठी खुली असून मर्यादा वर्षाला पाच लाखांची आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत असल्याने वाशीमच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर आधीपासूनच ती लागू होती. पण बुडालेली रोजंदारी योजनेत येत नाही. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाजवळ दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. विदर्भातल्या कित्येक घरांनी तिथे महिने काढले आहेत. टाटाच्या बालविभागाने राहण्याची सोय, समाजसेवक, फोनवरून पाठपुरावा अशी घडी बसवली, तेव्हा उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. समज कमी होती म्हणून लोक जात नव्हते, हे यातून दिसते.

म्हणूनच 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली एक घोषणा वाशीमसाठी महत्त्वाची आहे. तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रे, त्यातली 200 पहिल्याच वर्षी. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत असलेल्या वाशीमला ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. म्हणजे निदान आणि बेत नागपूरला किंवा मुंबईला, पहिला डोसही तिथेच, ऑपरेशन तिथेच. पण मधल्या आठवड्यांतल्या काही सुया वाशीमला, अशी विभागणी आता कल्पनेतली राहिलेली नाही. सहाऐवजी दोन-तीन खेपा झाल्या तर किती घरे टिकून राहतील!

मात्र इमारत आणि खुर्च्या मांडल्या की हे होत नाही. अशी केंद्रे मोठ्या माणसांच्या स्तनाच्या, तोंडाच्या कॅन्सरसाठी आखली जातात. मुलाची शीर शोधणे हेच वेगळे कसब. व्हिनक्रिस्टिन शिरेबाहेर सांडले तर तिथली कातडी झडते. चुकून पाठीच्या कण्यात दिले गेले तर मृत्यू जवळपास अटळ. जगात अशा चुका झालेल्या आहेत, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या पिशवीतून द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची सुई देऊ शकणाऱ्या किमान दोन परिचारिका, त्याच दिवशी रक्ततपासणी, ताप आला तर रात्री कोणाला फोन करायचा याचे उत्तर, आणि मूल आले नाही तर दुसऱ्या दिवशी आशाताईला कळवणारा एक माणूस, एवढे नसेल तर सुया नागपूरलाच बऱ्या.

गावपातळीवरचे कामही ठरलेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. तेव्हा शर्ट वर करून पोटावरून अलगद हात फिरवायला अर्धा मिनिट लागतो. गाठ लागली की दहा जणांनी दाबून पाहायचे नाही, ती फुटू शकते. शेक, चोळणे, मेळघाटात देतात तसे पोटावर चटके, यातले काही नको. तालुक्याला ‘उघडून बघू’ नको, आणि मोठ्या केंद्राला विचारल्याशिवाय सुई घालून तुकडाही घ्यायचा नाही. रक्तदाब मोजायचा, मुलाच्या मापाच्या पट्ट्याने, कारण या गाठीने तो वाढलेला असू शकतो आणि मुलाचा रक्तदाब सहसा कोणी मोजत नाही. आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘पोटात गोळा’ एवढेच न लिहिता खाली आणखी एक ओळ: महानीला डॉपलरने पाहावी, हृदयापर्यंत.